आधी आभार, मग बाकीचं

झालेल्या गोष्टीचे आभार सगळं जग मानतं. न झालेल्या गोष्टीचे आभार बोकड कापून मानणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. आम्हा ख्रिस्ती लोकांत घरात काही चांगलं घडलं, कुणी आजारातून उठलं, कुणाला नोकरी लागली, की उपकारस्तुती करतात. पाळकसाहेबांना बोलवायचं, ढोलकी-पेटीवर गीतं म्हणायची, प्रार्थना करायची आणि मग गल्लीला जेवायला घालायचं. केदारखेड्याच्या आमच्या मामांनी (आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात) या रिवाजात एवढाच बदल केला, की उपकारस्तुती आधी आणि घडायचं ते नंतर. पाळकसाहेबांनी एकदा भीत भीत सुचवलं, की आधी काम तर होऊ द्या. मामा म्हणाले, "काम झाल्यावर आभार मानले तर तो व्यवहार झाला, साहेब. मंग विश्वास कुठं राह्यला?" पाळकसाहेब त्यावर काय बोलणार? शिवाय आत रस्सा उकळत होता.

बोअर घ्यायचं ठरलं तेव्हा मशीन अजून भोकरदनलाच उभं होतं, आणि इकडे रानात सतरंज्या अंथरून पाण्याची उपकारस्तुती उरकलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी पहिलं बोअर कोरडं गेलं. नुसता फुफाटा उडाला. धुळीने पांढरेफटक झालेले मामा मशीनवाल्याला शांतपणे म्हणाले, "आभार मी पाण्याचे मानल्ते, या जागेचे न्हाई. तिकडं लाव." तिकडं लागलं. फार नाही, पण लागलं. एसटीचंही तेच. गाडीचा पत्ता नसताना मामा फाट्यावर हात वर करून उभे राहतात. येणारे मोटारसायकलवाले आपल्यालाच थांबवलंय असं समजून थांबतात, आणि मामा मागे बसून आरामात निघून जातात. वर मलाच विचारतात, "आली का न्हाई गाडी?"

पण सगळ्यांत कहर माझ्या लग्नाचा. म्हणजे जावयाची उपकारस्तुती झाली, तेव्हा जावई ठरलेलाच नव्हता. शेजारी मेंढ्या पाळणारे आबा आहेत, मामांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांचा देव बिरोबा, पण मामांच्या पंगतीत पहिली जागा त्यांची. शिवाय बोकडही त्यांच्याच कळपातला. हात धुता धुता आबांनी विचारलं, "सगळं बराबर झालं गड्या, पण नवरदेव कुठंय?" मामा म्हणाले, "निघालाय." मी त्या वेळी जाफराबादला माझ्या दुकानात सोयाबीनच्या पिशव्या उतरवून घेत होतो. केदारखेड्यात माझ्या नावाने लोक ढेकर देत आहेत, याची मला कल्पनाही नव्हती.

मामींनी जन्मभर या विश्वासाचे कांदे चिरले. "हे प्रार्थना करून राह्यले अन् रडून मी राह्यले," असं त्या म्हणतात, आणि दुसरा कांदा हातात घेतात.

माझा स्वभाव याच्या उलट. माझं दुकान बियाण्यांचं. उगवलं नाही तर गिऱ्हाईक पावती घेऊन छातीवर येऊन बसतं, त्यामुळे डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानायची मला सवय लागली आहे. हे मी एकदा मामांना ऐकवलं. ते म्हणाले, "जावईबापू, तुम्ही पुडीत झाडं विकता व्हय? झाड तर कुणालाच दिसत न्हाई, तरी लोक रांग लावून राह्यले." मी नुसता खोकलो.

आणि मग मामांचे डोळेच गेले. म्हणजे जाऊ लागले. आधी चहा कपाच्या शेजारी ओतला जाऊ लागला. मग एका रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचं वाचन, करताना ते मध्येच थांबले आणि पुस्तक खिडकीकडे धरून उभे राहिले. गावच्या चर्चमध्ये तरुणपणापासून शास्त्र वाचायचं काम मामांचं. शेताची वाटणी त्यांनी हसत सोसली होती, पण हे वाचन दुसऱ्या कुणाला त्यांनी कधी दिलं नव्हतं. जालन्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. ऑपरेशन केलं तर उरलंय ते कदाचित टिकेल, गेलेलं परत येणार नाही, असंही स्वच्छ सांगितलं. घरी येताच मामांनी आबांना बोकड सांगितला. या वेळी मी खरंच चिडलो. म्हणालो, "मामा, निदान पट्टी सुटेपर्यंत तरी थांबा!" ते म्हणाले, "दिसल्यावर तर कुणीबी मानतं."

डोळ्यांची उपकारस्तुती थाटात झाली. मामांनी पेटीवर इतकं जोरात गायलं, की आबांच्या मेंढ्यांनी साथ दिली. मी मात्र ताट तसंच ठेवून उठलो.

ऑपरेशन होऊन पट्टी सुटली तेव्हा मामांना दार कुठे आहे ते कळत होतं, कारण तिकडून उजेड येत होता. दारात कोण उभं आहे, ते कळत नव्हतं. आम्ही जीपने परत आलो. अंगणात आबा वाट बघत बसले होते. सगळं ऐकून त्यांनाच रडू आलं. म्हणाले, "मंग ते आभार, गड्या? ते फुकटच गेले की." मामांनी चाचपडत त्यांचा हात धरला. "दिलेले आभार परत मागत असतात का? खाली बस. चहा घे." मी मामांच्या तोंडाकडे बघत होतो. ते दुःख लपवत असतील, तर मला तरी ते सापडलं नाही. त्या रात्री मी रडलो, ते नाही रडले.

पुढचे काही रविवार त्यांनी पुस्तक उघडं धरून पाठ होतं ते म्हटलं. पण मग एका ओळीवर अडकले. पाळकसाहेब म्हणाले, "द्या, पुढचं मी वाचतो." मामांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "थांबा साहेब. माणूस येऊन राह्यला." मी नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत, दाराजवळ, चपलांवर नजर ठेवून बसलो होतो. दुकानात मी तासभर बोलेन, पण चर्चमध्ये समोर उभं राहायचं म्हटलं की मी चपला शोधायला लागतो, हे मामांना लग्नापासून ठाऊक आहे.

पुढच्या शनिवारी आम्ही केदारखेड्याला पोचलो, तर मामी कांदे चिरत बसलेल्या. मी विचारलं, "आता कशाचे?"

"शास्त्र वाचणारा मिळाला, त्याचे," मामा ओट्यावरून म्हणाले.

"कोण मिळाला?"

"निघालाय."

मामी डोळे पुसत हसल्या. बायको माझ्याकडे बघायला लागली. मी जेवलो. दोन वाट्या रस्सा प्यायलो, माझ्याच नावाचा होता म्हटल्यावर काय करणार?

आता दर रविवारी मी जाफराबादहून जातो आणि वाचतो. मामा पहिल्या रांगेत बसतात, तोंड माझ्या आवाजाकडे करून, ओठ हलवत. मी बोटाने ओळ धरून, दिसेल तेवढंच, शब्द शब्द वाचत जातो, आणि ओळीवरून नजर वर केली की दिसतं, मामा माझ्यापेक्षा एक शब्द पुढे असतात.