फुगडीतही न हललेला बाल्झो

शुभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वेणी घालत होते. फोन ठेवला आणि उरलेली वेणी पूर्ण केली... ती असती तर म्हणालीच असती, "रडायचं ते रड, पण केस मोकळे सोडू नकोस, गुंता होतो."

मुलुंड पूर्वेला आमची दारं समोरासमोर. निवृत्त झाल्यावर आमच्या मजल्यावर कुणी भजनी मंडळ धरलं, कुणी नातवंडं. बँकेत उभा जन्म काढलेल्या या बाईने धरली प्रबोधनकाळातल्या इटालियन बायकांची शिरोभूषणं! मी म्हटलं, "अगं, इथे बसून तुला त्यांच्या डोक्यांचं काय पडलंय?" तर म्हणाली, "राजांवर, पोपांवर पुस्तकांचे ढीग आहेत. या बायका सकाळी उठून डोक्यावर हे कसं बसवायच्या, ते कुणी विचारतच नाही. मला ते हवंय."

तिचा जीव अडकला होता बाल्झोत. चित्रांतल्या खानदानी बायका हे गोल, भरगच्च शिरोभूषण मिरवतात. कोळीण टोपलीखाली चुंबळ ठेवते ना, ती फुगवून रेशमात गुंडाळावी तसं. एवढं प्रकरण डोक्यावर टिकायचं कसं? तिच्या ऑनलाइन अभ्यासगटातले इटलीचे एक प्राध्यापक म्हणत, टाचण्यांनी. शुभा म्हणे, छे! एका चित्रात तिला केसांतून डोकावणारा फितीचा टाका दिसला होता, आणि आजीचं आगवळ आठवलं होतं, वेणीत गुंफून केस बांधायची ती दोरी. बाल्झो वेणीलाच फितीने शिवत असणार, हा तिचा दावा. प्राध्यापक हसले. "कल्पना सुंदर आहे. पण तो पडेल."

झालं, शुभा पेटली. वेताच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर आईच्या नारायणपेठीचा काठ... बाल्झो झकास झाला. पण शिवायचा कुणाच्या केसांना? औषधांनी तिचे केस गेले होते, आणि डॉक्टरांनी फार दिवस दिले नव्हते. तिला टोप करता यावा म्हणून मी माझी कंबरेपर्यंतची वेणी तेव्हाच कापायला निघाले होते. "खबरदार!" ती ओरडली. मग हळूच म्हणाली, "विदे, मला जाण्याआधी हे जिंकायचंय गं. तुझं डोकं दे."

दिलं. आणि परीक्षा कुठली, तर तिच्या सुनेची मंगळागौर! झिम्मा-फुगडीत टिकला तर कुठेही टिकेल, असं तिचं म्हणणं. सणाचा दिवस म्हणून मी सवयीने शिकेकाईने न्हाऊन गेले. तिने बाल्झो शिवला, मी मान हलवली, आणि तो सरकत थेट कानावर.

"न्हाऊन आलीस? वाट लावलीस ना माझ्या संशोधनाची! सुळसुळीत केसांत फीत धरेल का? त्या बायका केसांना चरबी न् पीठ चोळायच्या!"

मग खोबरेल तेल, त्यावर आरारूट, आणि बोथट केलेल्या दाभणाने पुन्हा वेणीतून फीत. एक टाका घालायची ती. थांबायची, दम घ्यायची, पुन्हा ओवायची... मी अजिबात कुरकुर केली नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना यातलं मोल कळेल.

झिम्मा झाला, पिंगा झाला, फुगडीत माझे गुडघे बोलायला लागले. बाल्झो ढिम्म! शुभा खुर्चीत बसून मोबाइल धरून ओरडत होती, "जोरात गं! अजून जोरात!"

ते चित्रण इटलीला गेलं. प्राध्यापकांनी ते त्यांच्या परिषदेत मोठ्या पडद्यावर लावलं, शुभाचं नाव घेतलं आणि भर सभेत म्हणाले, "मी चुकलो होतो." पलंगावर लॅपटॉप, डोक्याला रुमाल बांधलेला, आणि शुभाच्या दोन्ही मुठी हवेत. "काय रे, पडला का?" ती पडद्यालाच विचारत होती.

त्यानंतर ती थोडेच दिवस होती. पण जिंकून गेली, हे मी छाती ठोकून सांगते.

शोकसभेला मी बाल्झो घालून गेले. या वेळी फीत माझी मीच ओवली, आरशात बघत, केस न धुता. लोक बघत होते. बघू देत! तिच्या फोटोपुढे वाकले, पार कपाळ जमिनीला टेकेपर्यंत. सवयीने एक हात डोक्याकडे गेला...

धरायची गरज पडली नाही.