खाऱ्या भाताचे दुभाषे

पेडणेकरांना मी पहिल्यांदा काम करताना पाहिलं ते खाडीकाठच्या उत्तन गावात, एका अंगणात. हॉलंडहून आलेले मातीतज्ज्ञ साहेब चांगली दहा मिनिटं बोलले. समुद्राची वाढती पातळी, मातीतला सेंद्रिय कर्ब, देशोदेशींची भागीदारी, जगाची अन्नसुरक्षा. पेडणेकरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, घसा साफ केला आणि समोरच्या मंडळींना सांगितलं, "साहेब म्हणतायत, तुमच्या शेतात खारं पाणी शिरतंय." मंडळींनी माना डोलावल्या. हे त्यांना माहीत होतं. माना डोलल्या म्हणून साहेबही खूश झाले.

आमच्या प्रकल्पाचं ऑफिस सिल्व्हर पार्कमध्ये, एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये होतं. खाऱ्या जमिनीत येणारी पिकं शोधायची, ती परदेशी संस्थांबरोबर तपासायची आणि किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांना द्यायची, असं काम. मी समन्वयक होते आणि पेडणेकर दुभाषे. ते कोर्टातून निवृत्त झालेले, गिरगावातली खोली सोडून ऑफिसजवळच्या पूनम सागर वसाहतीत राहायला आलेले. साक्षीदाराचं बोलणं न्यायाधीशांना जसंच्या तसं सांगण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. शिवीसुद्धा गाळता येत नसे. "शब्द कोर्टात," ते म्हणायचे. "इथे अर्थ. पेन्शनमध्ये तेवढंच परवडतं." सवय मात्र पुरती गेली नव्हती. भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही "आपका कहना ये है कि" म्हणून त्याचाच भाव त्याला परत ऐकवत. भाजीवाला गोंधळून कधी कधी कमी करायचा.

आमच्या माहितीपुस्तिकेवर त्यांचं आणि मॅडमचं वाजलं. मॅडम म्हणजे आमच्या प्रकल्पप्रमुख. मॅडमना 'हवामान-प्रतिरोधक्षम भात' हवा होता. पेडणेकर म्हणाले, "हे नाव उच्चारेपर्यंत हंगाम जाईल." त्यांनी 'चिवट भात' सुचवला, हट्टाने छापूनही घेतला. पुस्तिका उत्तनला वाटल्या, तेव्हा तिथल्या शेतकरी रेजिना मावशींनी ती लांब धरून वाचली आणि विचारलं, "चिवट भात? आनि तो चावनार कोन? माजं दात बघितलंव काय?" अंगण हसून लोटपोट. काय झालं, असं साहेबांनी विचारल्यावर पेडणेकर न हसता म्हणाले, "बाईंनी पाककृतीच्या अंगाने शंका काढली आहे." साहेबांनी ती गंभीरपणे टिपून घेतली. पुढचे काही दिवस पेडणेकर प्रत्येक पुस्तिकेवर 'तग धरणारा भात' अशी पट्टी स्वतः चिकटवत बसले होते. मी मदतीला गेले तर म्हणाले, "चूक माझी आहे. गोंद ऑफिसचा."

या रेजिना मावशींमुळेच सगळा प्रकल्प उत्तनला आला होता. खाडीलगतच्या त्यांच्या खाचरात एक जुना लाल भात यायचा. भरतीचं पाणी आत आलं तरी तो उभा राही. आजूबाजूच्यांनी शेती सोडली होती, त्यामुळे ते बियाणं आता फक्त त्यांच्याच घरी, एका पत्र्याच्या डब्यात उरलं होतं. त्यातलं थोडं परदेशातल्या बीजपेढीत गेलं, तर अशाच खारावलेल्या किनाऱ्यांवर ते कामी येणार होतं. शिवाय ते मिळालं नाही, तर आमच्या ऑफिसला टाळं लागणार होतं. हे दोन्ही पेडणेकरांना ठाऊक होतं.

मावशी डबा घेऊन आल्या. मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "देते. पन उद्या माजा बुडाला, तं मना परत देनार काय?"

साहेब बराच वेळ बोलले. मी पेडणेकरांकडे बघून होकाराची मान हलवत होते. एक 'हो' पुरेसा होता. पेडणेकर उठून उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मी त्यांचा कोर्टातला आवाज पहिल्यांदा ऐकला. "साहेबांचं म्हणणं असं की, तत्त्वतः हरकत नाही. तथापि भागीदार संस्थांच्या संमतीच्या अधीन राहून, उपलब्धतेनुसार, आपल्या विनंतीचा विचार करण्यात येऊ शकेल."

"म्हंजे?"

"म्हणजे नाही म्हणत नाहीत. पण हो पण म्हणत नाहीत."

मावशी डबा घेऊन आत गेल्या.

परतताना गाडीत मॅडम म्हणाल्या, "पेडणेकर, एक हो म्हणायला तुमचं काय जात होतं?"

"माझं काहीच नाही. तिचं बियाणं गेलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना बोलावणं बंद झालं. मला मॅडमचा राग आला आणि खरं सांगायचं तर पेडणेकरांचाही आला. नोकरी माझीही होती. ते मात्र मला बाजारात भेटले तेव्हा कोथिंबिरीबद्दल बोलले.

साहेबांना आपण होच म्हटलं आहे, असं वाटत होतं. डबा आत का गेला, हे मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते कानापर्यंत लाल झाले. ते परत गेले आणि तिकडे कोणाकोणाशी भांडले असावेत, कारण पुढच्या हंगामाआधी करारात एक नवं वाक्य आलं. मराठी करायला त्यांनी पेडणेकरच मागितले. पेडणेकरांनी लिहिलं, 'मागितल्याबरोबर बियाणं परत मिळेल.' आम्ही ते उत्तनला घेऊन गेलो.

"ह्याच्यात कोर्टातला काय न्हाय ना?" मावशींनी विचारलं.

"नाही. मी बघितलंय," पेडणेकर म्हणाले.

मावशींनी डबा उघडला.

त्याच वर्षाअखेरीस पेडणेकर गेले. दुपारचे झोपले ते उठलेच नाहीत. पुढच्या पावसाळ्यात मोठ्या भरतीला उत्तनच्या खाचराचा बांध फुटला. पाणी इतके दिवस तुंबलं की लाल भातही कुजला, आणि घरात शिरलेल्या पाण्याने डब्यातलं बियाणंही नासलं. मावशींचा निरोप आला तसं मी परदेशातल्या बीजपेढीला पत्र पाठवलं. कागदावर लिहिलेलं खरंच होईल, याची मला खात्री नव्हती.

पाकीट आलं. मी ते घेऊन गेले.

"पेडनेकर न्हाय आला?" मावशींनी माझ्या मागे बघत विचारलं. त्यांना कळलंच नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी पाकीट फोडून थोडे दाणे तळहातावर घेतले, नखाने एक सोलला, आतला लाल रंग उन्हात धरून बघितला.

"माजाच हाय," त्या म्हणाल्या. मग दाणे पाकिटात परत टाकत, "खरा बोलला व्हता तो."

मला पेडणेकरांची इतकी आठवण आली की मी मावशींच्या ओट्यावरच बसले आणि रडले. मावशींनी पाणी आणून दिलं. मग बांध घालायला हल्ली माणसं मिळत न्हाईत, याबद्दल त्या बराच वेळ बोलत राहिल्या.