कप्तानाची कवळी

माणसाला वेड लागायचंच असेल तर तरुणपणी लागावं, म्हणजे लोक त्याला हौस म्हणतात. पन्नाशी उलटल्यावर लागलं की लोक आधी त्याच्या बायकोकडे बघतात. कवळीवाल्यांचं नेमकं तेच झालं.

कवळीवाले हे त्यांचं नाव नव्हे, पण सगळी गल्ली त्यांना त्याच नावाने ओळखायची आणि तेही ओ द्यायचे. खाली दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, वरच्या खोलीत यांचं काम. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन वर पाठवत. कवळीवाले प्लास्टरचा जबडा ओतत, त्यावर मेणात एकेक दात बसवत, मग पक्की कवळी करून तिला मशीनवर चकाकी आणत. फळीवर गावातल्या निम्म्या बुजुर्गांचे जबडे ओळीने मांडलेले असत. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर त्यांना माणसाचं नाव आठवत नसे, टाळू आठवे. असं संथ, गुलाबी आणि प्लास्टरच्या भुकटीने माखलेलं आयुष्य चाललं होतं. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं आणि सांगण्यासारखंही काही नव्हतं.

मग एका रविवारी त्यांची स्कूटर पंक्चर झाली आणि ती ढकलत ते मागच्या गल्लीने घरी निघाले. गल्लीच्या टोकाला पत्र्याची एक शेड होती. वाऱ्याने तिथली ताडपत्री उचलली आणि खाली लाल रंग दिसला. कवळीवाले थांबले, इकडेतिकडे बघितलं आणि ताडपत्रीचं टोक आणखी जरा वर केलं. आत दोन माणसांची, बिनटपाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी जुनी स्पोर्ट्स कार होती. चारही टायर बसलेले, एका दिव्याची काच गेलेली, आणि सीटवर एक मांजर पिलांसह नांदत होतं. शाळेत असताना हिचंच चित्र त्यांनी अभ्यासाच्या टेबलावर चिकटवलं होतं आणि वडिलांनी ते फाडून तिथे पाढे लावले होते. आता ती गाडी हातभर अंतरावर होती. ही गाडी आपल्याला हवी, एवढं एकच त्यांना कळलं. आयुष्यात इतकं स्वच्छ त्यांना कधी काही कळलं नव्हतं.

त्यांना गाडी चालवता येत नव्हती हे एक बारीकसं विघ्न होतं. दुसरं विघ्न तितकंसं बारीक नव्हतं, ते त्यांच्या शर्टाच्या बटणांवर ताण देत असे. घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"त्यात बसणार कसे? आणि बसलात तर उठणार कसे?"

"ते पुढचं पुढे. आधी ठेवायची कुठे ते ठरवू."

त्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. बाजारात तुरी, अशातला प्रकार. गाडीच्या मालकाला अजून त्यांनी बघितलंही नव्हतं.

मालक होते कप्तान. तेही नावच गल्लीने ठेवलेलं. आयुष्यभर त्यांनी घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचले होते, पण सुट्टीच्या दिवशी टोपी आणि हातमोजे घालून ही गाडी काढायचे, म्हणून कप्तान. आता एकटेच राहत आणि घराबाहेर पडत नसत. जुनी कवळी पडून फुटली होती, ती परत करून घेतली नव्हती. बोलताना तोंडावर हात धरायचे आणि मान दुसरीकडे वळवायचे, त्यामुळे समोरच्याला आपण कपाटाच्या वतीने उत्तरं देतोय असं वाटे.

"विकायची नाही असं नाही," ते कपाटाला म्हणाले. "पण आज नाही."

"मग कधी?"

"मला अजून ती एकदा काढायचीय."

कवळीवाले मनातल्या मनात हसले. फाटकापर्यंत न जाणारा हा माणूस गाडी काय काढणार? थोडा धीर धरला की झालं. मग ते दर रविवारी जाऊ लागले. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं आधी तब्येतीचं विचारायचं, मग मांजराचं, मग पिलांचं, आणि निघताना चप्पल घालता घालता सहज आठवल्यासारखं गाडीचं. घरी आलं की बायको दारातच विचारायची, "दिली का?"

"आज नाही."

असे कितीतरी रविवार गेले. शेवटी कवळीवाल्यांच्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली. आपल्या हातात काय आहे? दात. कप्तानांकडे काय नाही? दात. फुकट कवळी करून द्यायची, आणि तीही अशी की माणूस उपकाराखाली वाकला पाहिजे. वाकला की गाडी आपली. बायकोला त्यांनी हे मोठ्या धूर्तपणाने समजावून सांगितलं.

"माणसाला दात दिले की तो चावतो," ती म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

डॉक्टरांनी कप्तानांच्या घरी येऊन, तोंडात मसाला भरून माप घेतलं. मग कवळीवाल्यांनी आपल्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे जुना फोटो मागितला. मूळ दात कसे होते ते फोटोवरून कळतं. लग्नकार्यातल्या फोटोंत कप्तान सगळीकडे तोंड मिटून उभे होते. तोंड उघडं असलेला फोटो एकच निघाला, तो गाडीतला. तरुण कप्तान, टोपी, हातमोजे, मोठं हसू, आणि पुढच्या दोन दातांत चांगली ठसठशीत फट.

"ही बुजवून टाकतो," कवळीवाले म्हणाले. "लोक पैसे देऊन बुजवून घेतात."

कप्तानांनी पहिल्यांदाच मान वळवून सरळ त्यांच्याकडे बघितलं.

"बुजवू नका. गाडीचा हॉर्न कधीच वाजला नाही हो. मी वळणावर शिट्टी मारायचो, त्या फटीतून. शिट्टी ऐकली की लोक बाजूला व्हायचे."

कवळीवाल्यांनी हयातीत फट असलेली कवळी केली नव्हती. मेणात दात बसवून ते कप्तानांकडे घेऊन गेले. कप्तानांनी कवळी तोंडात घालून शिट्टी मारली, नुसती हवा आली. कवळीवाल्यांनी मेण गरम करून दात केसभर सरकवला, पुन्हा हवा. एक दात किंचित आत घेतला, तर कप्तान फुर्र करून थुंकले आणि थेंब कवळीवाल्यांच्या चष्म्यावर. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण इथे तर कवळीवाले पोटाकडे बघेनासेच झाले. जेवताना, आंघोळ करताना, त्यांना फटच दिसायची. आपण हे गाडीसाठी करतोय याची मधूनमधून स्वतःला आठवण करून द्यावी लागायची.

पक्की कवळी बसवली त्या दिवशी कप्तानांनी ओठ आवळले आणि अशी शिट्टी वाजली की शेडमधून मांजर बाहेर पळालं. कप्तानांनी पुन्हा वाजवली. तोंडावरचा हात खाली आला होता आणि परत वर न्यायचं ते विसरले. कवळीवाल्यांचे डोळे भरून आले. मग लगेच त्यांच्या मनात आलं, हीच वेळ. पण हीच वेळ म्हणता म्हणता ती निघून गेली, कारण कप्तानांना आरशासमोरून हलवणं शक्य नव्हतं.

पुढच्या रविवारी कवळीवाले गेले तर घराला कुलूप. इतक्या दिवसांत असं झालं नव्हतं. दात हातात आल्यावर कप्तान मेकॅनिककडे गेले होते. त्याच्या पुढच्या रविवारी गाडी विटांवर चढली होती, मांजराचं बिऱ्हाड खोक्यात हललं होतं, आणि गाडीखालून कप्तानांचे पाय दिसत होते.

"कवळीवाले, आलात? तो पाना द्या जरा."

त्यांनी पाना दिला. आणखी काय करणार? नंतरचे रविवार त्यांनी पाने दिले, फडकी दिली, कंदिलासारखी बॅटरी धरून उभे राहिले. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात, पण धोंडा पुसून, तेल लावून, वर उजेडही धरणारे ते एकटेच असावेत. इंजिन चालू होऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि ज्या दिवशी ते खोकत, ठसकत, धूर सोडत चालू झालं, त्या दिवशी कवळीवाले टाळ्या वाजवून नाचले. आपल्याला वाईट वाटायला हवं होतं हे नंतर लक्षात आलं.

मग मात्र त्यांनी भांडं लपवलं नाही. "कप्तान, स्पष्ट विचारतो. देणार की नाही?"

कप्तान हात पुसत गाडीच्या कडेला टेकले.

"खरं सांगू? तुम्ही दातांचं काढलंत ना, त्याच आठवड्यात मी ठरवलं होतं. म्हटलं देऊन टाकू. दात आहेत तर चणे नाहीत अशी गोष्ट. माझ्याकडे चणे होते, पण तोंड घेऊन बाहेर जायची लाज. कशाला अडवून ठेवायची? येतील तेव्हा सांगू, घेऊन जा. आणि तुम्ही आलात ते डॉक्टरांना घेऊन."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"माप घेत होते. तोंडात मसाला होता."

कवळीवाले घरी आले. बायकोने विचारण्याआधीच त्यांनी सगळं सांगून टाकलं. ती हसेल म्हणून ते तयारीत होते, पण ती हसली नाही. तिने पाणी आणून दिलं आणि शेजारी बसली. त्यांना फार वाईट वाटलं होतं. एवढी उत्तम कवळी आपण का केली, हा प्रश्न रात्रभर छळत राहिला. थोडी सैल ठेवली असती, शिट्टीच्या जागी हवा सोडली असती, तर आज गाडी दारात असती. आणि आपल्याला ते जमलं नसतं, हेही त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे स्वतःवर धड चिडताही येईना.

नंतर ते मागच्या गल्लीने गेले नाहीत. स्कूटर लांबच्या रस्त्याने नेऊ लागले.

एका दुपारी ते कुणाच्या तरी दाढा बसवत होते, तेव्हा कोपऱ्यावर शिट्टी वाजली. हातातलं मेण तसंच राहिलं. ती शिट्टी त्यांनी केसाकेसाने जुळवली होती, हजारात ओळखली असती. खिडकीत गेले तर दवाखान्यापुढे लाल गाडी उभी, टोपी, हातमोजे आणि ते मोठं हसू.

"रविवार विसरलात काय हो?" कप्तान खालून म्हणाले. "चला, बसा."

कवळीवाले ॲप्रनसकट खाली गेले. आधी एक पाय घातला, मग पोट, मग उरलेले सगळे. दार लावायला डॉक्टरांना बाहेर यावं लागलं. गाडी निघाली आणि वारा तोंडावर आला. सगळं गाव त्यांना कमरेच्या उंचीवरून दिसत होतं आणि कधी नव्हे इतकं छान दिसत होतं. पहिल्या वळणावर कप्तानांनी शिट्टी मारली.

"पुढच्याला तुम्ही मारा."

कवळीवाल्यांनी जीव एकवटून फुंकर मारली. नुसती हवा आली.

"फट नाही तुमच्यात," कप्तान म्हणाले. "चांगल्या माणसाकडून करून घ्या."

गावाला वळसा घालून गाडी कवळीवाल्यांच्या दारात थांबली. कप्तान टुणकन उतरले. कवळीवाल्यांनी एकदा जोर लावला, दुसऱ्यांदा लावला, मग सन्मानाने बसून राहिले. बायको बाहेर आली. तिने गाडी सावकाश मागून पुढून बघितली, कप्तानांचे दात बघितले, आणि मग नवऱ्याकडे बघितलं.

"दिली का?"

"आज नाही," कवळीवाले म्हणाले. "आधी हात दे."