पोर लांब करण्याचा उपाय

माझी मुलगी जन्मली तेव्हाच तिचे हातपाय आखूड होते आणि कपाळ मोठं. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या करून याला अकॉन्ड्रोप्लेजिया, म्हणजे हाडांचा जन्मजात बुटकेपणा, म्हणतात असं सांगितलं. मांडवगण फराट्याला घरी आल्यावर सासूबाईंनी त्याला 'आंग आखडलंय' म्हटलं आणि न्हाऊ घालणारी मावशी बोलावली. मावशी तेल लावून पाय ओढायची, मग घोटे धरून बाळाला उलटं लोंबकळवायची. या घरातली सगळी पोरं अशीच लांब झाली, म्हणे. माझ्या नवऱ्यालाही असंच ओढलं होतं. तो माझ्यापेक्षा बुटका आहे.

दरम्यान डॉक्टर वाढत गेले. शिरूरचे लहान मुलांचे, पुण्यातले कानाचे, मणक्याचे, शिवाय व्यायाम शिकवणाऱ्या बाई. प्रत्येकजण आपापल्या अवयवापुरतं बोलायचा आणि उरलेलं पोर मी घरी आणायचे. शेवटी जनुकांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना एका खोलीत बसवलं. मी सासूबाईंनाही नेलं, कारण घरी माझं ऐकतं कोण?

"झोपेत घोरते का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घोरती की! लई गाढ झोप हाय तिची," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "मधीच आवाज थांबतो, मंग पुन्हा सुरू."

मणक्याच्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं.

मेंदूकडून मज्जारज्जू जिथून मानेत उतरतो ते कवटीचं भोक या मुलांत अरुंद असतं. तिथं दाब आला की झोपेत श्वास थांबतो. तपासण्यांत दाब निघाला आणि ते भोक मोठं करायचं ऑपरेशन ठरलं. तोवर मान सांभाळायची, ओढायचं नाही, इतक्यात बसवायचं नाही, आणि उलटं तर कधीच धरायचं नाही.

"आन् उंची?" सासूबाईंनी विचारलं.

"उंचीचं नंतर बघू, आजी. आधी श्वास."

परतताना शिक्रापूरला ट्रकांच्या गर्दीत गाडी अडकली. सासूबाईंनी मांडीवरच्या बाळाच्या मानेखाली हात धरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मावशीला त्यांनीच दारातून परत लावलं.

ऑपरेशन नीट झालं. आम्ही घरी आलो तसे भावकीतले एक आप्पा बघायला आले.

"एवढं ऑपरेशन केलं, मंग आता किती वाढंल पोरगी?"

"वाढंल तेवढी वाढंल," सासूबाई म्हणाल्या. "हळू बोला. श्वास घेतीय ती."

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. मग आप्पांचा चहा केला. साखर घातली नाही.