सालईला पाणी

एमआयडीसीतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी आणि बायको रोज सकाळी घराजवळच्या घळीत उतरायचो. वर बारामतीचे बंगले आणि मोटारसायकली. खाली ओढ्यालगत खैर, बाभळी, कडूलिंब आणि त्यांच्यातून गेलेली पायवाट. आता त्या घळीला उद्यान म्हणतात, दाराशी बोर्डही लावलाय. दुसऱ्या वळणावर खडकातून उगवलेली एक जुनी सालई होती, धुपाच्या वासाचं झाड. बायको तिच्या बुंध्याला टेकून बसायची, एखादं पान चुरगाळून हुंगायची आणि म्हणायची, "आमच्या कळसच्या माळाचा वास हाय ह्यो." कळस तिचं माहेर.

गेल्या हिवाळ्यात तिच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी चढउतार बंद केला. ती घळ आता तिला पुन्हा दिसणार नाही, हे दोघांनाही कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या सालईकडं ध्यान ठेवा."

ठेवलं. फार ठेवलं.

फाल्गुनात सालईची सगळी पानं झडली. तशी दरसाल झडायची, पण पूर्वी मी झाडाकडे कुठं बघत होतो, मी बायकोची बडबड ऐकत असायचो. या वर्षी एकट्यानं बघितलं आणि वाटलं, झाड वाळतंय. मी लासुर्ण्याच्या ऊसवाल्याचा मुलगा. पीक सुकलं की आम्हाला एकच औषध माहीत. दाराजवळच्या टाकीतून नळी ओढली, बुंध्याभोवती आळं केलं आणि चैत्र-वैशाख ते रोज भरत राहिलो. तिथला वनमजूर म्हणाला, "तात्या, खडकातलं झाड हाय. उन्हाळ्यात असंच उघडं ऱ्हातं. पाणी नका पाजू."

मी त्यालाच झापलं. "पाण्यानं कुणाचं वाटोळं झालंय का?"

लासुर्ण्यातलं आमचंच खालचं रान जादा पाण्यानं मीठ फुटून पांढरं पडलंय. ते नेमकं तेव्हा आठवलं नाही.

पावसाळ्यात सगळी घळ हिरवी झाली. सालई तेवढी काळी पडली. बुंधा दाबला की बोट आत जायचं.

घरी बायको रोज विचारायची, "फुटली का?" मी म्हणायचो, "फुटंल." एक दिवस "फुटली" म्हणून बसलो. तिचा चेहरा असा उजळला की मला माझीच किळस आली.

"मग उद्या एक डहाळी आणा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्या वठलेल्या झाडाखाली बराच वेळ बसलो. वर येताना कडूलिंबाची डहाळी तोडली. पानं साधारण तशीच दिसतात, कडा करवतीसारख्या. चष्म्याशिवाय तिला काय कळतंय, असं मनाशी म्हणालो. माझी अक्कल तेवढीच.

तिनं एक पान चुरगाळलं, नाकाशी नेलं. ती रडली असती, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठली, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली आणि तो पाला वर्तमानपत्रावर नीट पसरला.

"वाळला की गव्हात घालते," म्हणाली. "किडं लागत न्हाईत."

मी अजून रोज सकाळी घळीत जातो. परत आलो की ती चहा ठेवते. झाडाचं विचारत नाही.