लुगड्याची पट्टी

"ह्यानं धरा. अंगाला हात लावू नका," सूनबाई म्हणाल्या आणि जुन्या लुगड्याची पट्टी खाटेवर टाकली. माझ्या हातात दिली नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. गाव उमरी, काम लातूरला. खाटेवर त्यांचे सासरे होते, निवृत्त मुख्याध्यापक. जिल्हा नवा झाला तेव्हा त्यांनी हे घर बांधलं होतं. आता तीन आठवडे आयसीयूत काढून आले होते. मांड्या वाळलेल्या. घशातली नळी निघाल्यापासून आवाज घोगरा. उभं केलं की पाय लटलट कापायचे. त्यांना स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत जायचं होतं, एवढंच. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "बाई, धोतरात होतं हो." मला रडू आलं होतं.

चार दिवस मी हातानेच धरलं. पाचव्या दिवशी सूनबाईंनी आडनाव विचारलं. मग, "म्हणजे तुमच्यात कोण?" मी सांगितलं, बौद्ध. दुसऱ्या दिवशी ही पट्टी.

"राग मानू नका. तुमचा हात लागला की अण्णांना आंघोळ घालावी लागते. टँकर आठ दिवसांनी येतो. एवढं पाणी कुठून आणू?"

घसा साऱ्या लातूरचा कोरडा पडला होता. पाणी मात्र माझ्या हातानं संपत होतं म्हणे!

भांडायला हवं होतं. भांडले नाही. त्या शहरात माझं कोण होतं? भाड्याची एक खोली. आईला फोनवर रोज "बरं चाललंय" म्हणायचं आणि एकटीनं जेवायचं. मी पट्टी उचलली, गुरुजींच्या कमरेला बांधली. कमरेला पट्टा बांधून चालवतातच की, अशी मनाची समजूत घातली. खोटी. पट्टा असला तरी दुसरा हात पेशंटच्या छातीशी लागतो. तो हात मी पाठीमागे ठेवला.

पट्टी बांधायला लागल्यापासून तिसऱ्या दिवशी ती सरकली. गुरुजी गुडघ्यात मोडले आणि फरशीवर आले. त्यांनी हात वर केला. माझ्याकडे.

आणि मी सूनबाईंना विचारलं, "धरू का?"

"थांबा. ह्यांना फोन करते. येतीलच दुकानातून."

मी थांबले. पदवी घेतलेली बाई मी, पेशंट फरशीवर, आणि मी परवानगीसाठी भिंतीला टेकून उभी. त्यांचा हात खाली गेला. अपमान सूनबाईंनी केला होता, पण थांबले मी होते. ह्याची लाज मला आजही वाटते.

मग मी खाली बसले. दोन्ही हात त्यांच्या काखेत घातले, छातीशी घेऊन उठवलं, खाटेवर बसवलं. माझ्या खांद्यावर डोकं टाकून ते धापा टाकत होते. मला वाटलं, आता काही बोलतील.

बोलले. "सूनबाई, टँकर आला का?"

माझ्या तोंडून उमरीच बाहेर आली. "मी हातानंच धरनार. जमत आसंल तर बोलवा, न्हाईतर न्हाई."

बोलावलं नाही. गुरुजी पुढे चालले की खाटेवरच राहिले, मला कळलं नाही. वाईट वाटतं. परत मात्र गेले नाही.

आता नव्या घरी गेले की दारातच सांगते, मी बौद्ध आहे, पेशंटला हाताने धरीन. दोन घरांनी दार लावून घेतलं. लावू देत. पडलेल्या माणसाला उचलायला मी पुन्हा कुणाला विचारणार नाही.