मान खाली घालणारी

माझ्या धाकट्या नणंदेला आजचे डॉक्टर स्वमग्न म्हणाले असते. सत्तरच्या दशकात आमच्या बदनापुरात तिला दोनच शब्द होते, घरात येडी आणि बाहेर लाजाळू. ती डोळ्यांत बघून बोलायची नाही. कुणी अंगाला हात लावला की चटका बसल्यासारखी सरकायची. भाकरीला कालवण लागलं की ताट ढकलून द्यायची. हंडे-कळश्या मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावायची, आणि मधला एक कुणी हलवला तर भिंतीवर डोकं आपटायची.

मी घरातली नवी सून. सातवी पास, म्हणजे माझ्या मते कलेक्टरच्या खालोखाल. आष्टीकडचं स्थळ आलं तेव्हा सासूबाई रडकुंडीला आल्या. "हिला कोण करून घेईल गं?"

मी पदर खोचला. "आत्याबाई, बिलकुल काळजी करू नका. हिला काही शिकवायचंच न्हाई. जशी हाय तशी बसवू."

केवढी मोठी विदुषी! ती नवी सून आज मला भेटली तर तिच्या दोन थोबाडीत देईन.

पाहुणे बसले. नणंदेने सगळ्या कपांचे कान एका बाजूला वळवले आणि मगच चहा पुढे केला. मुलाची आई खूश. "काय टापटीप! आन् मान बघा, वर करत न्हाई. आजकालच्या पोरी टकामका बघून राहतेत." मुलाची आत्या हनुवटी धरायला गेली, तर ही मागे सरकली. "अगंबाई, किती मर्यादशील!"

ज्या गोष्टींसाठी तिने जन्मभर मार खाल्ला, त्या एका बैठकीत गुण ठरल्या. मी चुलीपाशी तोंडात पदर कोंबून हसत होते. लग्नात बँड वाजला तशी ती कान दाबून खालीच बसली. "माहेर सुटतंय, दुसरं काय," म्हणत बायांनी डोळे पुसले.

दिवाळीच्या आत सासरच्यांनी तिला आणून दारात उभं केलं. "येडी गळ्यात बांधली तुम्ही. नवऱ्याला जवळ येऊ देत न्हाई, मान वर करून बोलत न्हाई, दिवसभर भांडे लावून राह्यली."

गुण तेच होते, घर तेवढं बदललं होतं.

ते गेल्यावर मामंजी फेटा बांधायला लागले. "परत नेऊन सोडतो. पोरीची जागा तिथंच."

सासूबाईंनी तिला विचारलं, "जाशील ना माय? बराबर वागवतेत ना?"

दुसरी कुठलीही लेक हो म्हणाली असती. माहेरची लाज राखायची रीतच तशी. ही जमिनीकडे बघत म्हणाली, "न्हाई. कोठीत घालून कुलूप लावतेत. जवारीच्या पोत्यावर झोपते. उंदीर चावला." एवढं सांगून ती मामंजींच्या फेट्याचा लोंबता शेव सरळ करायला लागली.

मामंजींनी फेटा सोडला. ती राहिली.

पण गावाला काय सांगायचं? तेही डोकं माझंच. जावयाची बदली लांब झालीय, बिऱ्हाड मिळालं की नेतील, असं मी रचलं आणि घराने पाठ केलं. तिला मात्र काही केल्या जमेना. आडावर शेजारणीने विचारलं, "काय गं, कधी जाणार सासरी?" त्यावर हिने कोठी, कुलूप, उंदीर सगळं सांगून टाकलं.

तेव्हापासून हळदीकुंकू असो की पाहुणेरावळे, बायांची चाहूल लागली की सासूबाई तिला आतल्या खोलीत बसवायच्या आणि मला म्हणायच्या, "कडी घाल गं, जल्दी."

मी बाहेरून कडी घालायची आणि हसतमुखाने बायांना कुंकू लावायला जायची.